डब्यावरचं ओरायझेनॉल आणि ताटातली शेव

पत्र

नमस्कार. आम्ही इंदुरात रामबागेत राहतो. घरात आम्ही दोघं, मुलगा आणि सून. माझं वय ५७, ह्यांचं ६३. ह्यांना आठ वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या वर्षी एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, १६८ आला तेव्हा डॉक्टरांनी ॲटोरव्हास्टॅटिन १० सुरू केली, तीन महिन्यांनी तो १०४ झाला. मग सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळीत कुणीतरी ह्यांना सांगितलं की राईस ब्रॅन, म्हणजे भाताच्या कोंड्याच्या, तेलात ओरायझेनॉल असतं, ते कोलेस्टेरॉल खेचून काढतं, गोळीची गरजच राहत नाही. झालं! घरातलं सोयाबीनचं तेल बंद, राईस ब्रॅनचा पाच लिटरचा डबा महिन्याला एक, वर ओरायझेनॉलच्या कॅप्सूल. महिनाभरापासून गोळीही सोडली आहे. म्हणतात, पोटऱ्या दुखायच्या त्या थांबल्या. शेव-कचोरी मात्र बिनघोर चालू, 'राईस ब्रॅनमध्येच तर तळलीय' म्हणून. सूनबाई म्हणते हे तेल रसायन घालून काढतात, घरात नकोच. मला अजून अधूनमधून अंगातून वाफा निघतात. कॅप्सूलच्या बाटलीवर 'स्त्रियांसाठीही उपयुक्त' असं लिहिलंय. मी घेऊ का? आणि मुलाच्या जिमच्या डब्यावरही हेच नाव दिसलं. हा काय प्रकार आहे?

— एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर

ताई, तेल आणि कॅप्सूल थोडं बाजूला ठेवू. आधी गोळीचं बोलू, कारण घाई फक्त तिथे आहे. आजच डॉक्टरांना फोन लावा आणि दोन्ही गोष्टी सांगा: महिन्यापासून गोळी बंद आहे, आणि चालू होती तेव्हा पोटऱ्या दुखत होत्या. दुसरी गोष्ट बहुतेक घरांत डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही. माणूस परस्पर गोळी सोडतो आणि पुढच्या तपासणीला मान डोलावून 'घेतोय ना' म्हणतो.

१६८ चा १०४ झाला तो गोळीमुळे. दहा मिलिग्रॅम ॲटोरव्हास्टॅटिननं एलडीएल साधारण पस्तीस ते चाळीस टक्के उतरतो, आणि तुमच्या यजमानांचा आकडा बरोबर त्याच हिशेबात बसतो. गोळी थांबली की काही आठवड्यांत तो पुन्हा जुन्या जागी जाऊन बसतो. शिवाय मधुमेह असलेल्या, साठी ओलांडलेल्या माणसाला ही गोळी देतात ती हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांची शक्यता कमी व्हावी म्हणून. रिपोर्टातला आकडा चांगला दिसला म्हणून ते काम संपलं असं होत नाही.

पोटऱ्यांच्या दुखण्याला मी वहीम म्हणणार नाही. स्टॅटिन, म्हणजे ॲटोरव्हास्टॅटिनच्या कुळातल्या गोळ्या, घेणाऱ्या काहींचे स्नायू खरोखर दुखतात. त्यावर उपाय असतात: मात्रा कमी करतात, त्याच कुळातली दुसरी गोळी देतात, कधी एक दिवसाआड देतात. डॉक्टरांना एक आवर्जून विचारा, टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, अलीकडे केलीय का? थायरॉइड मंदावलेलं असेल तर कोलेस्टेरॉल त्यानंही वाढतं, आणि अशा माणसाला स्टॅटिननं स्नायू दुखण्याचा त्रासही जास्त होतो. साध्या रक्ततपासणीत दोन्ही प्रश्नांचा उलगडा होऊ शकतो. आणि दुखणं जर चालताना सुरू होऊन उभं राहिल्यावर थांबत असेल, तर तेही सांगा. मधुमेहात पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यावर असंच होतं, त्याची तपासणी वेगळी असते.

आता ओरायझेनॉल. ते खोटं नाही, हे आधी सांगते. १९५४ मध्ये जपानी संशोधकांनी भाताच्या कोंड्याच्या तेलातून ते वेगळं काढलं. तो एकच पदार्थ नसून एक मिश्रण आहे: वनस्पतींमधली कोलेस्टेरॉलसारखी द्रव्यं, म्हणजे स्टेरॉल आणि त्यांचे भाऊबंद, फेरुलिक आम्लाला जोडलेली. परीक्षानळीत ते ऑक्सिडीकरण छान रोखतं, आणि डब्यातलं तेलही त्यामुळे लवकर खवट होत नाही. 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द तिथून आला आणि जाहिरातीत जाऊन बसला. पण पोटात गेल्यावर ते रक्तात फारच थोडं शोषलं जातं. कोलेस्टेरॉलवर जे काही काम होतं ते आतड्यातच. वनस्पती-स्टेरॉल तिथे कोलेस्टेरॉलच्या वाटेत येतात, त्यामुळे थोडं कमी कोलेस्टेरॉल आत जातं आणि बाकीचं सरळ बाहेर.

जाता जाता: फेरुलिक आम्लाचा मोठा साठा गव्हाच्या कोंड्यातही असतो, तंतूंना घट्ट चिकटलेला. माळव्याचा चांगला गहू दळून आणायचा आणि पोळ्या मऊ व्हाव्यात म्हणून बारीक चाळणीनं चाळून कोंडा गाईला घालायचा, आणि मग अँटिऑक्सिडंटसाठी महागाची बाटली आणायची, याला काय म्हणावं?

डबा घेऊन बसा, मागची बाजू वळवा आणि माझ्याबरोबर हिशेब करा. चांगल्या राईस ब्रॅन तेलावर ओरायझेनॉल १०,००० पीपीएमच्या आसपास लिहिलेलं असतं. १०,००० पीपीएम म्हणजे एक टक्का, एका ग्रॅम तेलात दहा मिलिग्रॅम. पोहे खायचा मोठा चमचा भरून तेल म्हणजे सुमारे १४ ग्रॅम, म्हणजे १४० मिलिग्रॅम ओरायझेनॉल. डब्यावर १,००० पीपीएम असेल तर त्याच चमच्यात फक्त १४ मिलिग्रॅम. शून्य एक कमी, पण दुकानात उभ्या उभ्या ते नजरेतून सुटतं. हा फरक तेल शुद्ध करण्याच्या पद्धतीमुळे पडतो. अल्कली घालून शुद्ध केलं की बरंचसं ओरायझेनॉल साबणासारख्या गाळाबरोबर निघून जातं. वाफेच्या, म्हणजे 'फिजिकल रिफाइनिंग'च्या पद्धतीत ते तेलात टिकतं. आणि डब्यावर पुढे 'राईस ब्रॅन' ठळक असलं तरी मागे 'ब्लेंडेड' हा शब्द आहे का पाहा. मिश्र तेलात एखाद्या तेलाचं प्रमाण २० टक्केही असू शकतं, नियमाला तेवढं पुरतं. कोणतं तेल किती टक्के, ते डब्यावर छापलेलं असतं.

पण खरा प्रश्न हा की ओरायझेनॉल जास्त असलं म्हणजे कोलेस्टेरॉल जास्त उतरतं का? इथे २००५ साली प्रसिद्ध झालेले दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. एक अमेरिकेतला. त्यात लोकांना आधी तेल काढून घेतलेला भाताचा कोंडा खायला दिला, कोलेस्टेरॉल जागचं हललं नाही. मग कोंड्याचं तेल दिलं, आणि तुलनेला मुद्दाम तशाच मेदाम्लांचं दुसरं मिश्रण ठेवलं. राईस ब्रॅननं एलडीएल सुमारे सात टक्के कमी निघाला. म्हणजे या तेलात मेदाम्लांखेरीज आणखी काहीतरी काम करतंय, एवढं नक्की. मंडळी इथे थांबतात आणि टाळ्या वाजवतात. दुसऱ्या अभ्यासात कोलेस्टेरॉल थोडं वाढलेल्या पुरुषांना राईस ब्रॅन तेलच दिलं, पण दोन प्रकारचं: एका गटाच्या वाट्याला रोज ५० मिलिग्रॅम ओरायझेनॉल, दुसऱ्याच्या ८०० मिलिग्रॅम. सोळापट. चार आठवड्यांनी दोन्ही गटांत कोलेस्टेरॉल जवळपास सारखंच उतरलेलं होतं.

म्हणून माझं मत असं, की श्रेय तेलाला द्या, त्यातल्या साध्या स्टेरॉलांना द्या, पण डब्यावरच्या पीपीएमसाठी जास्तीचे पैसे मोजू नका. कॅप्सूलचं तर प्रयोजनच राहत नाही. स्टेरॉलांनी एलडीएल आठ-दहा टक्के उतरवायचा तर रोज सुमारे दोन ग्रॅम, म्हणजे दोन हजार मिलिग्रॅम लागतात. तुमच्याकडच्या कॅप्सूलवर एकेकीत किती आहे ते बघून घ्या.

तेलाचा एकूण परिणामही मापात ठेवून बघा. राईस ब्रॅनवरच्या चाचण्या २०१६ मध्ये एकत्र करून पाहिल्या तेव्हा एलडीएलमधली सरासरी घट सात मिलिग्रॅमच्या आसपास आली. तुमच्या घरी गोळीनं ६४ उतरवले होते. सात आणि चौसष्ट! फिरायला येणाऱ्या मित्रांना हे दोन आकडे जरूर सांगा.

त्यातही ही घट आधी काय खात होतो त्यावर अवलंबून असते. वनस्पती तूप, पामतेल किंवा भरपूर साजूक तूप सोडून राईस ब्रॅनवर आलं तर फरक दिसतो. तुम्ही सोडलंत सोयाबीन. ते बिचारं कुठे वाईट होतं? त्यात संपृक्त मेद १५ टक्क्यांच्या आसपास, राईस ब्रॅनमध्ये वीसच्या वर. ओमेगा-३ सोयाबीनमध्ये सहा-सात टक्के, राईस ब्रॅनमध्ये एक-दोन. माळवा उभा सोयाबीनवर, आणि आपण बालाघाट-छत्तीसगडच्या भाताच्या मागे लागायचं, असं काही नाही. राईस ब्रॅन चवीला आवडत असेल तर ठेवा, चांगलं तेल आहे. पण एक डबा याचा, पुढचा सोयाबीनचा किंवा शेंगदाण्याचा असं आलटून पालटून वापरलंत तर दोन्हींचं चांगलं ते मिळेल, आणि किराण्याचं बिलही सुसह्य राहील.

सूनबाईंना सांगा, त्यांचं निम्मं बरोबर आहे. भाताच्या कोंड्यात तेल असतं पंधरा-वीस टक्के, आणि ते साधारणपणे हेक्झेन या द्रावकानं काढतात, मग द्रावक उडवून तेल शुद्ध करतात. पण घरात इतकी वर्षं आलेलं रिफाइंड सोयाबीनही तसंच निघतं. त्या कारणासाठी एकाला घरात ठेवून दुसऱ्याला बाहेर काढता येणार नाही. घाण्याचंच हवं असेल तर शेंगदाण्याचं किंवा तिळाचं घ्या. कोणी 'घाण्यावरचं राईस ब्रॅन' म्हणून सुटं विकत असेल तर मी तरी घेणार नाही. गिरणीतून निघालेला कोंडा झपाट्यानं खवट होतो, त्यातलं तेल लवकर काढून शुद्ध केलं नाही तर ते खाण्याजोगं राहत नाही. याच कारणानं तो कोंडा घरी आणून खायच्या फंदातही पडू नका. तांदळातलं आर्सेनिकही कोंड्यातच जास्त साठतं.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. पाच लिटर तेल, चार माणसं, एक महिना. पाच लिटर म्हणजे साडेचार किलोहून थोडं जास्त. माणशी रोज ३८ ग्रॅम होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं बसून काम करणाऱ्यांसाठी घातलेली मर्यादा पुरुषाला २५ ग्रॅम, बाईला २० ग्रॅमच्या घरात होती, आणि त्यात वरून घेतलेलं तूपही आलं. तुमच्या ३८ मध्ये रविवारच्या दाल-बाफल्यावरचं तूप धरलेलं नाही, छप्पन दुकानवरचं खाणं नाही, सराफ्यातलं नाही, आणि थंडीतले तळलेले गराडूचे कंदही नाहीत.

शेव कशातही तळली तरी तिच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त तेलच असतं. सकाळच्या पोह्यांवर एक मूठ, वरणभातावर एक मूठ, संध्याकाळी चहाबरोबर वाटीभर. दिवसाला ६० ग्रॅम सहज होतात, म्हणजे वीसेक ग्रॅम तेल फक्त शेवेतून. गंमत म्हणजे आपले इंदुरी पोहे वाफेवर असतात, त्यात तेल बेताचंच. वरची शेव आणि शेजारची जिलबी त्यांना बदनाम करते. जिरावण मसाला, कांदा, डाळिंबाचे दाणे, लिंबू एवढ्यावर पोहे खाऊन पाहा म्हणावं. शेव हवीच तर चिमूटभर, शोभेला.

राईस ब्रॅन जास्त तापमानाला धूर सोडतं हे खरं, सुमारे २३० अंशांना. पण कचोरी तळायला १८० पुष्कळ झाले, आणि रिफाइंड सोयाबीनही तेवढं सहन करतं. तेल वारंवार तापवल्यावर ते बिघडतं, मग त्यात ओरायझेनॉल असो नसो. बाजारात तळणाऱ्यांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणानं जुलै २०१८ पासून नियमच केलाय: तेलातली बिघडलेली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल टाकायचं. घरी कोण मोजणार? तेव्हा तळायला कमीच तेल घ्या, उरलेलं गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा, आणि पुन्हा तळायला चढवू नका. नव्या तेलात ओतून ठेवायची सवय असेल तर ती आधी मोडा.

कमी कसं करायचं ते सांगते. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण असतं ना, त्यानं एकदा तुमची फोडणीची पळी मोजा. बहुतेक घरांत 'एक पळी' म्हणजे ३० मिलिलिटर निघतं आणि घरातली बाई चकित होते. भाजीला अर्धी पळी पुरते; मोहरी तडतडायला तेल जास्त लागत नाही, कढई लहान हवी. नवा डबा उघडाल त्या दिवशी झाकणावर पेनानं तारीख लिहा. चौघांना तो डबा पन्नास दिवस पुरला की माणशी २३ ग्रॅमवर आलात. रोज पंधरा ग्रॅम तेल कमी म्हणजे १३५ कॅलरी कमी. मधुमेही माणसाच्या वजनाला आणि साखरेला याचा जो फायदा होईल तो कुठल्याही डब्यावर छापून मिळणार नाही.

कोलेस्टेरॉलसाठी गोळीच्या जोडीला काही घ्यायचंच असेल तर नीमच-मंदसौरकडचं इसबगोल घ्या. दिवसाला साधारण दहा ग्रॅम भुशीनं एलडीएल पाच ते दहा टक्के उतरू शकतो, जेवणानंतरची साखरही थोडी आटोक्यात राहते, आणि किंमत कॅप्सूलच्या मानानं काहीच नाही. सुरुवात एका चमच्यानं करा, पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यायचं, वर आणखी पाणी. गिळायला त्रास असेल तर घेऊ नका. आणि मधुमेहाच्या किंवा दुसऱ्या गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत. मधुमेहाची औषधं चालू आहेत म्हणून डॉक्टरांच्या कानावर घालूनच सुरू करा.

तुमच्या वाफांबद्दल. जपानमध्ये १९६० च्या दशकापासून पाळी जाण्याच्या वयातल्या तक्रारींसाठी डॉक्टर ओरायझेनॉल देत आलेत, तिथे ते औषध म्हणून चालतं. चीनमध्येही १० मिलिग्रॅमच्या गोळ्या औषधांच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतात. बाटलीवरच्या त्या ओळीचा उगम हा. पण सुरुवातीच्या त्या अभ्यासांत तुलनेसाठी नुसती साखरेची गोळी घेणारा गट नव्हता, आणि वाफांचा त्रास असा आहे की साखरेच्या गोळीनंही कितीतरी बायकांना बरं वाटतं. नुकसान होईल असं मला वाटत नाही, पण पैसे घालवायला मी सांगणार नाही. वाफांनी रात्रीची झोप मोडत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. हार्मोनची आणि बिनहार्मोनची, दोन्ही प्रकारची औषधं आता आहेत, तुमचा रक्तदाब आणि घरातला कर्करोगाचा इतिहास बघून ते ठरवतील. यजमानांबरोबर तुमचाही टीएसएच होऊन जाऊ द्या.

मुलाच्या डब्याचं थोडक्यात: स्नायू वाढतात म्हणून ओरायझेनॉल जिममध्ये विकतात. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वजनं उचलणाऱ्यांना नऊ आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम दिलं. न घेणाऱ्यांपेक्षा ताकद जास्त वाढली नाही. त्या पैशांत अंडी येतील, किंवा पनीर.

राहिल्या कॅप्सूल. त्या बंद करा, पण बाटली फेकण्याआधी घटकांची यादी चष्मा लावून वाचा. 'नैसर्गिक कोलेस्टेरॉल-नाशक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मिश्रणांत लाल यीस्टचा तांदूळ असतो. तांदूळ म्हणून तो ओरायझेनॉलचाच भाऊ वाटतो, पण त्यातलं मोनाकोलिन-के हे रसायन म्हणजे हुबेहूब लोव्हास्टॅटिन, स्टॅटिनच. डॉक्टरांची गोळी पुन्हा सुरू झाल्यावर तेही पोटात गेलं तर दुहेरी मात्रा होईल आणि पोटऱ्या पुन्हा धरतील. म्हणून डॉक्टरांकडे जाताना जुने-नवे रिपोर्ट घ्या आणि ती बाटलीही पिशवीत टाका.